पळस्प्याला थांबलेली एसटी

माझा आवाज गेला तेव्हा मी चाळिशीची होते आणि जुन्या पनवेलमधल्या एका शाळेत मराठी शिकवत होते. गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. पण आवाजाच्या नसेला धक्का बसला होता. असं क्वचित होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते क्वचित माझ्या वाट्याला आलं, एवढंच. गळ्यातून नुसता वारा यायचा. शेजारी बसलेल्या माणसाला शब्द कळत, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्याला नाही. पन्नास मुलांच्या वर्गाचं तर नावच नको.

शाळा सुटली. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांमध्ये मी दिवसभर एकटी. नवरा तळोज्याच्या कंपनीत शिफ्टला जाई. मुलगी शिकायला बाहेर गेली होती, आणि जाताना तिने मला कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकवून ठेवलं होतं. "आई, इथे लोक मराठीत गप्पा मारतात, बघ तरी," असं म्हणून तिने एक मराठी संकेतस्थळ उघडून दिलं. गप्पा या शब्दाचाच मला तेव्हा राग यायचा. तरी दुपारी भांडी आवरली की मी तिथे जाऊन नुसती वाचत बसे. नेट इतकं हळू की एक पान उघडेपर्यंत लसूण सोलून व्हायचा.

तिथे एक दिवस एक नवीन धागा दिसला. धागा म्हणजे एकाने विषय काढायचा आणि बाकीच्यांनी खाली लिहीत जायचं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव 'ड्रायव्हर' असं ठेवलं होतं. त्याने लिहिलं होतं: "पनवेल स्टँडवर गाडी बदलली नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. म्हणून आपली गाडी तिथूनच सुटतेय. कुठे जाणार ते मलाही ठाऊक नाही. ज्याला बसायचं त्याने बसावं, प्रवासी होऊन बोलावं. गाडी मागे जाणार नाही, आणि कुणालाही मधेच उतरवणार नाही. गाडी पुढे न्यायची ती फक्त मी."

खाली दोनचार जणांनी जागा पकडल्याही होत्या. एका आजोबांनी खिडकी धरली होती आणि लगेच उन्हाची तक्रार सुरू केली होती. उरणची एक कोळीण मावशी माशांची पाटी घेऊन चढली होती आणि पाटी आजोबांच्या पायाशी ठेवत होती. आजोबा नाक दाबून ओरडत होते. मी वाचता वाचता हसले. आवाज नसलेलं हसू कसं दिसतं ते मला माहीत होतं, म्हणून मी माणसांत हसणं टाळत असे. इथे बघायला कोण होतं?

मी लिहिलं, "अहो ड्रायव्हरसाहेब, कंडक्टरशिवाय गाडी काढता कुठे? ओ मावशी, ती पाटी मागे घ्या! आजोबा, हात आत! सगळे सरका, सरका पुढे, पुढे काय वाघ बसलाय? टिंग टिंग!"

लगेच ड्रायव्हरने उत्तर दिलं, "आलात का! मी केव्हाचा आरसा बघतोय."

मी कंडक्टर झाले ती अशी. मला वाटलं होतं, चार दिवसांचा खेळ आहे.

चार दिवस कसले, ती गाडी वर्षानुवर्षं चालली. कोकणात उतरली, घाट चढून कोल्हापूरला गेली, एकदा मावशीच्या हट्टापायी तराफ्यावर चढून खाडी ओलांडून आली. प्रवासी यायचे, काही महिने बसायचे, संसाराला किंवा नोकरीला लागून गप्प व्हायचे. नियमाप्रमाणे त्यांना उतरवायचं नाही, म्हणून आम्ही त्यांना झोपलेलं समजत असू. दोन वर्षांनी एखादा जागा होऊन विचारी, "सातारा आलं का?" आणि मी त्याच्यावर खेकसे.

खेकसणं हे माझं काम होतं. कंडक्टर जाडजूड आहे, मिशीवाला आहे, तंबाखू खातो, त्याच्या आवाजाने खिडकीच्या काचा थरथरतात, हे सगळं हळूहळू लोकांनीच ठरवलं. मी नाही म्हटलं नाही. उलट मोठ्ठी उद्गारचिन्हं देऊन ओरडत राहिले. दिवसभर ज्या गळ्यातून दूधवाल्याला "उद्या नको" एवढं ऐकू जात नसे, त्या गळ्याचं उट्टं मी दुपारी एक तास काढत असे. शिवाय जित्याची खोड होतीच. कुणी ऱ्हस्वदीर्घ चुकवलं की कंडक्टर त्याला जागेवरून उठवी आणि बरोबर शब्द लिहीपर्यंत उभं ठेवी. मावशी तर पहिली दोन वर्षं बसलेलीच कुणी पाहिली नव्हती. "माजे पाय दुकले ना रं कंडाक्टर," ती लिही. मी लिही, "बोलताना दुकू देत. अर्ज लिहिताना 'दुखले' लिहायचं."

मग एका वर्षी ती पळस्प्याची गोष्ट घडली.

गाडी फिरून फिरून पुन्हा पळस्पे फाट्याला आली होती. फाट्यावर आमचं दरवेळी भांडण व्हायचं. पुण्याचे लोक म्हणत पुण्याकडे, कोकणातले म्हणत गोव्याच्या रस्त्याला घाला. भांडण रंगात आलेलं असताना ड्रायव्हरने लिहिलं, "मी जरा चहा घेऊन येतो. तोवर ठरवा." आणि तो गेला.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. आषाढ संपत आला तरी त्याचं काही नाही. आम्हाला त्याचं खरं नावही माहीत नव्हतं, फोन तर दूरच. त्या संकेतस्थळावर तसा शिरस्ताच होता, कुणी कुणाला घरचं विचारत नसे. शेवटी एका नव्या प्रवाशाने सरळ लिहिलं, "ते काही येत नाहीत. मी चालवतो गाडी."

मला काय झालं कोण जाणे. मी इतकी जोरात टाइप करायला लागले की स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "कुणाशी भांडतेस?" मी लिहिलं होतं, "ड्रायव्हर चहा प्यायला गेलाय. चहा संपला की येईल. तोवर त्या सीटवर कुणी बूड टेकलं तर गाठ माझ्याशी आहे!"

मावशीने लगेच लिहिलं, "कंडाक्टर बोलला ता बराबर हाय. आमी नाय हलत."

आणि खरंच कुणी हललं नाही. थांबलेल्या गाडीत आम्ही बिऱ्हाड थाटलं. मावशीने टपावर बोंबील वाळत घातले. आजोबांनी वासाने बेशुद्ध पडायचं ठरवलं आणि दर सोमवारी नेमाने पडू लागले. श्रावणात कुणीतरी मागच्या सीटवर सत्यनारायण घातला. गौरीगणपती आले तेव्हा गणपती कुठे बसवायचा यावर चर्चा झाली, आणि "ड्रायव्हरच्या सीटवर बसवू" म्हणणाऱ्यालाही मी दम दिला. देव झाला म्हणून काय झालं! शेवटी गणपती बॉनेटवर बसला. मी रोज लिही, "ड्रायव्हरचा चहा अजून चालू आहे. गडबड करू नका." लिहून झालं की मात्र मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसे. त्या माणसाचं काय झालं असेल, हा विचार मी कुणापाशी बोलू शकत नव्हते.

गणपती गेल्यावर काही दिवसांनी दुपारी धागा उघडला तर एकच ओळ होती. "चहा फार गरम होता. वेळ लागला. चला, कुठे जायचं ठरलं?"

मी लिहिलं, "टिंग टिंग!"  मावशीने एवढंच म्हटलं, "बोंबील काढा रं टपावरचं, गाडी निंगाली." कुणी काही विचारलं नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी खिडकीच्या आजोबांनी टूम काढली की सगळ्या प्रवाशांनी एकदा खरोखर भेटायचं. भेटायचं तर पनवेललाच, ते सगळ्यांच्या वाटेवर आहे. मावशीने कळवलं, पनवेलजवळ नेऱ्याला ओळखीचं एक फार्महाऊस आहे, मासे मी आणते. तारीख ठरली. धाग्यावर नुसता कल्ला. सगळ्यांना एकच उत्सुकता: कंडक्टरला बघायचं, त्याचा आवाज ऐकायचा. कुणी लिहिलं, "कानात बोळे घेऊन येतो." कुणी लिहिलं, "फार्महाऊसच्या काचा काढून ठेवायला सांगा."

मी नवऱ्याला म्हटलं, "मी जाणार नाही."

"का?"

"त्यांना कंडक्टर हवाय."

 तो म्हणाला, "तू गेली नाहीस तर गाडी सुटणार कशी? मी येतो सोबत. नाही रमलीस तर नेऱ्यापासून घर काही लांब नाही, परत येऊ."

रविवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून निघालो. डोंगर जवळ येत गेला तशी मी नवऱ्याच्या खांद्यावर थापटून स्कूटर हळू घ्यायला सांगू लागले. फार्महाऊसच्या फाटकातून आत शिरलो तर आंब्याखाली खुर्च्या टाकून सातआठ माणसं बसलेली. आमची स्कूटर थांबताच सगळे उभे राहिले. आता सांगते, माझा नवरा सहा फूट उंच, पोट सुटलेला, आणि त्याच्या मिशा तेव्हा भरघोस होत्या.

"आले! कंडक्टर आले!" एकच गलका झाला. माणसं धावत आली आणि नवऱ्याला मिठ्या मारायला लागली. एक किडकिडीत, चष्मेवाले गृहस्थ त्याचा हात सोडेचनात. "अगदी असेच! अगदी असेच डोळ्यांसमोर होतात हो!" नवरा हेल्मेट काढायच्या प्रयत्नात होता, त्याला धड बोलताही येईना. शेवटी हेल्मेटमधून डोकं काढून तो म्हणाला, "अहो, मी नाही. मी नुसता सोडायला आलोय. कंडक्टर ही आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी सुती साडी नेसलेली, पाच फुटांची बाई, हातात नारळाच्या वड्यांचा डबा. काय बोलावं ते मी आठ दिवस घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी म्हटलं, "तिकीट... तिकीट दाखवा."

नेहमीसारखा वारा आला. समोरच्यांना नुसते ओठ हललेले दिसले. कुणी कुणाकडे बघितलं नाही, पण ती शांतता मला ओळखीची होती. दुकानात, लग्नात, बँकेत माणसं अशीच थबकतात आणि मग हळू आवाजात बोलायला लागतात, जणू घरात कुणी आजारी आहे.

मागून एक पंचविशीतला तरुण पुढे आला. काळासावळा, खांदे रुंद. त्याने खाली वाकून आपला कान माझ्या तोंडाशी आणला. "काय बोललाव बाई? परत सांगा."

मी पुन्हा म्हटलं, "तिकीट दाखवा."

तो सरळ उभा राहिला, छाती भरून घेतली, आणि आंब्यावरचे पक्षी उडाले. "ए! कंडाक्टर बोलतान तिकीट दाखवा! नाय दाखवला तो गाडीखाली उतरल!"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग चष्मेवाले गृहस्थ हसत हसत खिसे चाचपायला लागले, आणि सगळ्यांचाच बांध फुटला. मीही हसले. तोंड न झाकता.

तो तरुण म्हणजे मावशी. उरणचा, कोळ्याच्या घरातला, बंदरावर क्रेनवर कामाला. मावशीची भाषा त्याच्या आईची होती. ती बाजारात मासे विकायची आणि त्याचं लिहिलेलं घरी वाचून घेऊन वर दुरुस्त्याही सांगायची. एका होडीतून दुसऱ्या होडीला हाक मारायची सवय असलेला त्याचा आवाज. "तुमी बोला बाई, मी वरडतो," असं म्हणून त्याने माझ्याशेजारची खुर्चीच पकडली. खिडकीचे आजोबा म्हणजे संगमेश्वरजवळ औषधांचं दुकान चालवणारी तिशीची मुलगी निघाली. दुकानात दिवसभर म्हाताऱ्यांच्या तक्रारी ऐकून तिला आजोबा आयते मिळाले होते. आणि ते किडकिडीत चष्मेवाले म्हणजे ड्रायव्हर. पुण्याला छापखान्यात मुद्रितं तपासायचे. त्यांना गाडी सोडा, सायकलही येत नव्हती.

"मग स्टिअरिंग इतकं झोकात कसं फिरवायचात?" आजोबांनी म्हणजे त्या मुलीने विचारलं.

"कंडक्टरच्या भीतीने," ते म्हणाले.

दिवसभर आम्ही जुनी गाडी पुन्हा चालवली. तराफ्यावर गाडी चढवताना कोण पाण्यात पडलं होतं, सत्यनारायणाचा प्रसाद कुणी पळवला, कोण किती वर्षं झोपलं होतं. मी कुजबुजायचे आणि मावशी गरजायचा. थोड्या वेळाने तो लबाडी करायला लागला. मी म्हणायचे, "जरा पाणी द्या," आणि तो ओरडायचा, "बाई बोलतान पापलेटाचा मोठा तुकडा मावशीला वाढा!" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला की सगळे म्हणायचे, हे मात्र आम्हाला दुभाष्याशिवाय समजलं.

माझ्या शाळेचं, ऑपरेशनचं मी जेवताना सांगितलं. मावशीने ते वाक्य वाक्य पुढे सांगितलं, त्या वेळी मात्र एक अक्षर न बदलता आणि न ओरडता. सगळं ऐकून औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, "बाई, राग मानू नका, पण मला अजूनही तोच ऐकू येतोय. जाडा, तंबाखूवाला." मला तिचा राग कशाला येईल? मला तर तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलंही.

जेवणानंतर ड्रायव्हर आपणहून बोलले. आम्ही विचारलं नव्हतं.

"पळस्प्याला गाडी लावली, त्या वर्षी बायको दवाखान्यात होती," ते म्हणाले. "समोर एक सायबर कॅफे होता. दुपारी भाचा तिच्यापाशी बसायचा, तेवढ्यात मी जाऊन यायचो. लिहायला सुचत नव्हतं. पण तुमचं सगळं वाचून यायचो आणि तिला सांगायचो. तिला बोंबील आवडायचे नाहीत, पण टपावरच्या बोंबलांची चौकशी ती रोज करायची. वाळले का, म्हणायची." त्यांनी चष्मा पुसला. "एक दिवस मी तिला सांगितलं, माझ्या सीटवर गणपतीलासुद्धा बसू दिलं नाही त्यांनी. तर ती म्हणाली, मग जायला हवं तुम्हाला. माझं झालं की जा. उशीर करू नका, लोक खोळंबलेत."

 मावशीने उठून त्यांच्या पानात भाकरी वाढली. ते मासे खात नव्हते, म्हणून त्याच्या आईने त्यांच्यासाठी निराळी वांग्याची भाजी करून पाठवली होती. ती भाजीही त्याने वाढली, आणि ते निमूटपणे जेवले.

मला त्यांना सांगायचं होतं की मीही त्या वर्षी तुमच्याच गाडीत बसून दिवस काढले. सीट मी राखली म्हणता, पण मला बसायला जागा तुम्ही दिली होती. एवढं लांब वाक्य माझ्याने होईना. मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

संध्याकाळी निघताना मावशी स्कूटरपर्यंत सोडायला आला. त्याने विचारलं, "बाई, शाला कशापायी सोडलीत?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं.

"ता खरा हाय," तो म्हणाला. "पन मी शालेत मराठीत कधी पास झालो नाय. तुमच्या गाडीत उभा ऱ्हाऊन ऱ्हाऊन शिकलो. आता युनियनचे सगले अर्ज मीच लिवतो. साहेब इचारतो, कोनाकडं शिकलास?" मग त्याने किक मारायला नवऱ्याला वाट करून दिली.

  घरी येईपर्यंत मी बोटांवर हिशेब करत होते की आमच्या इमारतीत परगावाहून, परप्रांतातून आलेली किती घरं आहेत, ज्यांच्या मुलांना शाळेत मराठी जड जातं.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे शिकवणीला चार मुलं आली, जूनपर्यंत दहा झाली. मी बाहेरच्या खोलीत सतरंजी घालते आणि त्यांना जवळ जवळ बसवते. पहिल्या दिवशी मी मुलांना घाबरले होते. पण एक गंमत झाली, जी बीएडच्या वर्गात मला कुणी शिकवली नव्हती. आपण कुजबुजून बोललो की समोरचा माणूस आपोआप कुजबुजतो. माझी मुलं पाढ्यासारखे विभक्तीचे प्रत्यय म्हणतात, भांडतात, खोडरबर चोरल्याच्या तक्रारी करतात, पण सगळं कुजबुजून. एकदा एका मुलीची आई तिला न्यायला आली, दारातच चप्पल काढून चवड्यांवर उभी राहिली आणि माझ्या नवऱ्याला हळूच म्हणाली, "आत कुणी झोपलंय का?"

"नाही," नवरा तितक्याच हळू म्हणाला, "सगळे जागे आहेत."